साहेबानं विचारलं तेव्हा

आये, तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझ्या चेहऱ्यातलं नाक तेवढं आठवतं, तेही माझ्या तोंडावर आहे म्हणून. लिहायला बसले आहे ती भांडायला.

तुला ती विधवा आठवते? गावकीला न विचारता पोरीचं लग्न लावलं म्हणून जिला वाळीत टाकलं होतं, विस्तव-पाणी बंद. ती आपल्या दारात आली आणि मी करवंटीत चार निखारे घालून दिले. तू न्हाणीतून धावत आलीस नि तिच्या हातातल्या करवंटीवर तांब्याभर पाणी ओतलंस. माझ्या पाठीत धपाटा. "अक्कल हाय का गो? उद्या आपल्या मयताला खांदा कोण देईल?" ती बाई करवंटी ओट्यावर ठेवून गेली. मी तेव्हा दुसरीत होते. पुढं तू शाळाही बंद केलीस, ते भांडण वेगळं.

आता वाळीत माझं घर आहे. माझी नात महाडच्या दवाखान्यात नर्स आहे. तिनं खालच्या बौद्धवाडीतल्या मुलाशी लग्न केलं. गावकी बसली, मुंबईला गेलेल्या गावकऱ्यांच्या मंडळानं मान डोलावली, झालं. आता दवंडी लागत नाही, मोबाईलच्या ग्रुपातून काढतात. गिरणीवाला म्हणतो वीज नाय, आणि आत गिरणी घरघरत असते. चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं म्हणून माणसांची डोकी फुटली, ते तुझ्या आईच्या वेळचं. मार्चात अजून रस्ते भरून माणसं येतात. नात म्हणते, "आजे, त्यांनी मार खाल्ला तेव्हा कुठं एवढं बदललं." मी म्हटलं, "तळ्यापासनं आपली वाडी चढणीला हाय गो बये." पण वाळीत टाकणं आता गुन्हा आहे, तसा कायदा झालाय. तिनं पोलिसांत तक्रार दिली.

काल साहेब जबाब घ्यायला आला. त्याच्या आधी माझा लेक, तिचा बाप, माझ्यासमोर बसला. "आये, एकदा नाय म्हण. गाव घेईल आपल्याला. नायतर तुला खांदा कोण देईल?" तुझं वाक्य त्याच्या तोंडात कुणी घातलं? त्यानं तर तुला पाहिलंही नाही. मीच घातलं असणार.

साहेबानं विचारलं, "आजी, गावानं वाळीत टाकलंय तुम्हाला?" एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला नात. महिनोन् महिने न फिरकलेली वाडी कुंपणाशी कान देऊन उभी. माझ्या जिभेला सगळी वाडी भिते. मी कानामागे हात धरला. "काय म्हन्ता? मला ऐकू येत नाय." त्यानं तीनदा ओरडून विचारलं. मी तीनदा तेच सांगितलं. त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं नि गेला. वाडीही पांगली. चहाला कुणी थांबलं नाही.

नात उरली. माझ्याकडे पाठ करून, अगदी हळू म्हणाली, "आजे, पाणी पितेस?"

"दे," मी म्हटलं.

ती तशीच थांबली. मग पेला भरून आणला, मी पिऊन होईपर्यंत समोर उभी राहिली, आणि चपला घालून एसटीला गेली.

हा कागद तिला द्यावा असं दोनदा मनात आलं. तुझ्या नावानं लिहिला, म्हणजे द्यायला नको.