खांद्याचं तेल

पौष, सोमवार, १९७४

लिही पोरी, आजी सांगते तसं. स्तनात गाठ आहे हे लेकाला सांगायची लाज वाटली, म्हणून खांदा दुखतो म्हणले. तुझ्या बापानं तीन महिने खांद्याला तेल चोळलं. बिचारा खांदा.

आज नांदेडचा डॉक्टर म्हणला, कॅन्सर आहे. स्तन काढून टाका, न्हाईतर मुंबईला राहून विजेचा शेक घ्या. पण शेकानं दुखणं पुरतं जाईल याचा भरवसा न्हाई. तुझा बाप जमिनीकडं बघत म्हणला, "शेकच घेऊ." लाजला असंल, दुसरं काय?

मला काढूनच टाकायचाय. तुझ्या बापाचं दूध पिऊन झालं, आता काहून जपायचा? पण हे त्याच्या तोंडावर म्हणवत न्हाई. उद्या सवयीनं तेल घेऊन येईल, तवा हे पान त्याला वाचून दाखव.