पान कुठलंही उघडा

प्रिय टापटीपबाई,

ट्रेनिंगच्या वसतिगृहात पडलेलं तुझं हे नाव आज मुद्दाम घेते आहे, रागावू नकोस. दोन वर्षं एका खोलीत काढली आपण. चादरीवर एक सुरकुती चालायची नाही तुला. माझा पसारा तू मुकाट्याने आवरायचीस आणि वर मलाच चहा करून द्यायचीस. मला वाटायचं, हिच्या हाताखाली पोरांचं नशीब उजळेल.

पुढे तू आमच्याच शाळेत मुख्याध्यापिका होऊन आलीस, तेव्हा सगळ्यांत जास्त नाचले ती मीच. शाळा तुला ठाऊक आहे. आईबाप उजाडायच्या आत कामाला बाहेर, आणि घरात छापलेलं अक्षर म्हणजे फार तर साबणाचा कागद. तिसरीतल्या निम्म्या पोरांना अक्षरं ओळखता यायची, पण शब्द जुळवायला बसली की घाम फुटायचा. त्यांना वेळ हवा होता. तुला तपासणीत चांगला शेरा हवा होता.

मग तू ती युक्ती काढलीस. बाराव्या पानावरचा धडा पोरांकडून घोटून घेतलास, आणि म्हणताना बोट कुठे सरकवायचं तेही. साहेबांनी विसावं पान उघडलं, तरी पोरं बाराव्यावरचाच धडा घडाघडा म्हणत त्यावरून बोट फिरवत राहिली. साहेबांचं लक्ष चहात. शाळेला ढाल मिळाली, तुला बढती. आणि ज्यांना पाठही होईना, त्यांच्या हातात झाडू देऊन तू त्यांना दिवसभर सामानाच्या खोलीत कोंडलं होतंस.

त्यातल्या एका पोरीची आई धुणंभांडी करते. तिला बोलावून, पोरीच्या देखत तू म्हणालीस, "ही दगड आहे. हिला कामाला लाव, तेवढाच तुला हातभार." मी तोंड उघडलं, तर माझा वर्ग काढून घेतलास आणि तुझी रत्नं त्याच खोलीत सांभाळ म्हणालीस. आपल्या मैत्रीची चाड मी त्या दिवशी सोडली, बाई. तू कधी सोडलीस ते तुलाच माहीत.

सांभाळली मी रत्नं. त्या आईच्या हातापाया पडून पोरीला थांबवून घेतलं. पुस्तकं नव्हतीच, म्हणून पोरांना सांगितलं, येताना सापडेल तो छापील कागद आणा. साबणाची वेष्टणं, औषधाची खोकी, फाटक्या जाहिराती. कागद वाचून झाला की दोरीवर टांगायचा, अडला तर उद्या पुन्हा. ती पोरगी कितीतरी दिवस नुसती बघत बसायची. मग एकदा आईच्या खोकल्याच्या बाटलीचा कागद घेऊन आली. 'लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये' एवढं वाचलं, हातातल्या कागदाकडे बघितलं आणि खुदकन हसली. मी मात्र रडले. आणि खरं सांगू? त्या आनंदातही मला तुझाच चेहरा दिसला. हे हिला एक दिवस ऐकवायचंच, असा डूख धरून बसले. पोरगी आता सातवीत आहे.

आता तू निवृत्त होते आहेस. तुझ्या ऑफिसातून निरोप आला की समारंभात जुन्या मैत्रिणीचं शुभेच्छापत्र एखाद्या विद्यार्थिनीने वाचावं, आणि अडखळायला नको म्हणून ते पाठ करून घ्यावं. घ्या! सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. मी काही पाठ करून घेतलेलं नाही. पाकीट चिकटवूनच त्याच पोरीच्या हाती दिलं, आणि ते तिने आत्ता तुझ्यासमोर, माइकपाशी उभं राहून फोडलं. म्हणजे तू हे वाचत नाहीस, ऐकते आहेस, आणि तीही हे आयुष्यात पहिल्यांदाच वाचते आहे. मधल्या खुर्चीतून उठून जायचं तर खुशाल जा, सगळा हॉल बघेल. मी तुला माफ केलेलं नाही, करणारही नाही. आणि पोरी, तू थांबू नकोस. खाली माझी सही आहे, तीही वाच. मग टेबलावरचं एखादं पुस्तक बाईंच्या हातात दे आणि म्हण, "पान कुठलंही उघडा."

तुझीच,
सामानाच्या खोलीतली