भोंगा वाजायच्या आधी

बा, तुझी खाट मी केली. घराची दोन्ही दारं, शेजाऱ्याच्या बंडीचं जू, आर्वीच्या बाजारात सभा व्हायच्या तो सागवानी मंच, आणि शेवटी तुझी तिरडी. कुणा सुताराच्या हाताखाली न राहता सगळं शिकलो. भाषण करणंही तसंच शिकलो, नुसतं बघून. आणि तेवढंच एक काम बिघडलं.

सत्तावन्नच्या, दुसऱ्या निवडणुकीच्या आधीचे ते दिवस. विदर्भ वेगळा हवा की संयुक्त महाराष्ट्र, यावर दोन्हीकडचे पुढारी माझ्याच मंचावर आमनेसामने बोलत. फळ्या करकरू नयेत म्हणून मी पाचर आणि हातोडी घेऊन पायरीशी बसायचो आणि बघायचो. एक वकील होते. ते आधी विरोधकाचीच बाजू मांडायचे, इतकी नेटकी की तिकडची माणसं टाळ्या वाजवायची. मग थांबायचे, पाण्याचा घोट घ्यायचे, सभा गप्प झाली की हळूच 'पण' म्हणायचे, आणि त्यानंतर समोरच्याचं काही शिल्लक राहत नसे. दुकानात रंधा मारता मारता मी ते गिरवलं. हात कुठे, श्वास कुठे, घोट कधी, सगळं.

तू तेव्हा कापसाच्या जिनात रेच्यावर होतास, सरकीपासून रुई सोडवणाऱ्या त्या यंत्रावर. धुळीनं खोकला धरलेल्या तिघांना शेठनं काढलं. खोकला तुलाही होता. तोंडात फडकं दाबून खोकायचास. गेटवर सभा ठरली आणि तू सगळ्यांना सांगितलंस, "माह्या पोराले बोलू द्या. त्याले वकिलावानी येते."

जेवणाची सुट्टी. मी ओट्यावर उभा आहे, तू अगदी पुढं उकिडवा बसला आहेस, भाकर तशीच बांधलेली. मी म्हणतो, शेठचंही खरं आहे. खोकणारा माणूस रेच्यापुढं उभा ठेवणं त्या माणसाच्याच जिवाला बरं नाही. चांगलं मांडतो. दारातला मुनीम मान डोलावतो. मी थांबतो, लोटा उचलतो, घोट घेतो. आणि भोंगा वाजतो.

माणसं उठली. उशीर झाला की अर्धा रोज कापला जायचा. मी 'पण, पण' ओरडत राहिलो; भोंग्यात कुणाला ऐकू येणार? तुझ्या जोडीदारानं जाता जाता विचारलं, "काऊन गा, पोराले शेठनं जेवाले बोलावलतं काय?" लोक हसले. तू हसला नाहीस. "आपलं आंधी सांगाचं होतं रे," एवढंच म्हणालास. "वकिलाले येळ असते. आपल्याले भोंगा असते."

ते तिघं बाहेरच राहिले. तुझ्याजवळ बसून कुणी शिदोरी सोडेना. पुढच्या हंगामात तुलाही काढलं, आणि तू खोकतच गेलास. त्यानंतर मी चार माणसांसमोर तोंड उघडलेलं नाही. भाषणाचा उरलेला भाग अजून पाठ आहे. चांगला आहे तो, बा. कुणाच्याच कामाचा नाही. हे लिहिलेलं तरी तुझ्यापर्यंत कुठून पोचणार?

शेठशी माझं काही ठरलं होतं का, हे तू मला शेवटपर्यंत विचारलं नाहीस, तरी तुझ्या मनात काय होतं ते कळायचं मला. सभेनंतर तो मुनीम खरंच दुकानात आला होता. शेठला भाषण आवडलं, म्हणाला; दुसऱ्या जिनांच्या गेटवरही असंच बोलायचं. मी रंधा खाली न ठेवता नाही म्हणालो. तुला हे सांगितलं असतं, तर माझं बोलणं शेठला आवडलं, हेही सांगावं लागलं असतं. महिन्याचे साठ रुपये देत होता.