पाचातली एक वेळ

जळकोट
१ जानेवारी २०२५, बुधवार

चि. सौ. तुळजास,

अक्काचे अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे खुशाल आहोत, तुम्हीही तिकडे खुशाल आहात असं धरून चालते.

येळवसला, रानातल्या पांडवपूजेला आलीस, एक मुक्काम केलास, बरं वाटलं. पांडवांसाठी उभारलेली कडब्याची कोप अजून तशीच उभी आहे. हे म्हणतात मोडतो, मी म्हणते राहू द्या दोन दिवस. काल उमरीला पोहोचल्याचा व्यंकटरावांचा फोन आला. मागून तुझा आवाज आला, तेवढाच.

आता पत्र कशाला म्हणशील. तुमच्या घरात फोन कायम स्पीकरवर असतो आणि तुझा नवरा मधेमधे हुंकार देतो. सख्ख्या बहिणींचं बोलणं तिसऱ्याच्या हुंकारावर होत नाही. शिवाय तू सातवी शिकलीस ती काय नुसती बँकेत सही करायला? वाच जरा.

तर ऐक. मी मिश्री सोडायला घेतली आहे.

हस, मनसोक्त हस. मलाही आधी हसूच आलं होतं. इथल्या दवाखान्यात तंबाखू सोडवायला एक पोरगी बसते, वर्षाराणी नावाची. सव्वीस-सत्तावीसची असेल, माझ्या अंगणवाडीत पूर्वी नाक गळत यायच्या त्या पोरींच्या वयाची. मी तिला म्हणाले, "बाई, पन्नास वर्साची सवय हाय, एकदम कशी सुटंल?" तर म्हणते, "मावशी, एकदम सोडा म्हणून कोण सांगून राहिलं? दिवसात किती वेळा लावता ते सांगा." मी बोटांवर मोजलं. उठल्याबरोबर, चहावर, जेवणावर, दिवेलागणीला आणि निजताना. पाच. ती म्हणाली, "मग ह्या आठवड्यात पाचातली एकच सोडा. कोणती सोपी जाईल ती."

मी दिवेलागणीची निवडली. तेव्हा देवापुढं दिवा लावायचा असतो, हात तसेही गुंतलेले असतात. तिनं एक वही दिली आहे. त्यात रोज बरोबर किंवा चूक अशी खूण करायची. तेहतीस वर्षं मी पोरांच्या वजनाचे तक्ते भरले, आता माझाच तक्ता भरायचा आला. लवंग जवळ ठेवायची, तल्लफ आली की दाढेखाली धरायची. उठल्याबरोबरची वेळ सगळ्यात शेवटी सोडायची आहे. ती सोडली तर पोट साफ होणार कसं, हा प्रश्न मी तिला अजून विचारलेला नाही.

नवीन वर्ष लागलं म्हणून सुरू केलं, असं सगळ्यांना सांगते. तूही एक सोड ना. तुझ्या किती होतात मला माहीत नाही, पण पाचाच्या खाली नसणार.

आणि जेवण नीट जातं का ते लिही. तिखट चालतं का? उगीच विचारते.

अलीकडे मी जरा भित्री झाले आहे. सकाळी चूळ भरताना थुंकीकडे बघत नाही. ते असो. आठ तारखेला लातूरला जाऊन येणार आहे, दाढ दाखवायला. हे सोबत येतो म्हणाले होते, पण तुरीची रास व्हायची आहे, म्हणून एकटीच जाईन.

पत्राचं उत्तर पत्रानंच दे.

तुझी,
अक्का


जळकोट
१५ जानेवारी २०२५

चि. सौ. तुळजास,

काल संक्रांत झाली. गोड बोलायचा दिवस. तू मात्र चार दिवस आधीच फोनवर कडू बोलून घेतलंस. "अक्का, मला अंगणवाडीतल्या पोरावानी शिकवू नको. आईनं लावली मला मिश्री. आई ऐंशी वर्सं जगली. मला काई झालं न्हाई." एवढं बोललीस आणि फोन ठेवलास. व्यंकटरावांचा हुंकारसुद्धा आला नाही, म्हणजे तेही घाबरले असतील.

मला राग आला नाही. मी तुझ्या आवाजाकडे लक्ष देत होते. शब्द जड येत होते तुझे.

माझं सांगते. पहिल्या आठवड्यात एक सोडली, दुसऱ्यात दोन. वहीत बरोबरच्या खुणांची रांग लागली होती. पण भोगीच्या दिवशी शेजारच्या घरी तंबाखू भाजायला घेतली. तव्यावरचा तो धूर भिंतीवरून आला आणि माझ्या हातातली बाजरीची भाकरी परातीतच राहिली. कधी त्यांच्या उंबऱ्यात जाऊन बसले ते मलाच कळलं नाही. त्या दिवशी पाच झाल्या. सहाही म्हण. लाज वाटली आणि त्या लाजेपायी आणखी एक लावली. आज वर्षाराणीला सांगितलं तर ती रागावली नाही. "घसरलं माणूस तर घरापासनं पुन्हा चालत येतं का? पडलात तिथनंच उठा," म्हणाली.

तुला खोटं लिहिलं होतं मी. लातूरला दाढ दाखवायला गेले नव्हते.

दिवाळीपासून डाव्या गालात आतून एक पांढरा चट्टा आहे. चुन्याचं बोट लागावं तसा. बोटानं घासला, मीठ लावलं, हळद लावली, जात नाही. आणि मधोमध एक फोड, भरतच नाही. ठेचा लागला की डोळ्यांतून पाणी येतं. लातूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिथला तिळाएवढा तुकडा काढून तपासायला पाठवला. सोमवारी वीस तारखेला कळेल.

तिथं काय झालं ते ऐक. डॉक्टरांनी विचारलं, तंबाखू खाता? मी म्हणाले, न्हाई. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा न्हाई. मी खोटं बोलत नव्हते, तुळजा. आपण खातो कुठं? आपण दात घासतो. मग त्यांनी माझ्या हिरड्या बघितल्या आणि म्हणाले, मग हे काळं कशाचं? मी म्हणाले, मिश्रीचं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मावशी, मिश्री तंबाखूचीच असती की." मी म्हणाले, "भाजल्यावर त्याची राख होती ना." ते म्हणाले भाजून विष जात नाही. माझ्यासारखी शिकलेली बाई, आणि मला हे कळायला गालाचा तुकडा द्यावा लागला.

गावाचे सर्वेचे फॉर्म मीच भरले आहेत. तंबाखूच्या रकान्यात प्रत्येक बाईपुढं नाही, नाही, नाही. ते लिहिताना माझ्याच तोंडात मिश्री असायची. आणि मागच्या वर्षी नांदेडला तुझ्या मोतीबिंदूच्या वेळी दवाखान्यातल्या बाईंनी तुला तंबाखूचं विचारलं, तेव्हा तुझ्याआधी मीच न्हाई म्हणाले होते. आठवतं का तुला?

मला फार भीती वाटते. कणीक मळताना, पोथी वाचताना जीभ सारखी तिथंच जाते. आरसा मी पालथा करून ठेवला आहे. अंगणवाडीत तपासणीला पोरांना आ करायला लावायचं असतं, ते काम दोन दिवस मदतनीसबाईकडून करून घेतलं. एवढीएवढी गुलाबी तोंडं, ती मला बघवेनात. यांना मी अजून काही बोलले नाही. तुलाच पहिलं सांगते आहे.

सोमवारची तारीख लक्षात ठेव. फोन करू नको, मी लिहीन.

अक्का


जळकोट
२१ जानेवारी २०२५, मंगळवार

तुळजा,

रिपोर्ट आला. तोच आजार आहे. नाव लिहायला हात धजत नाही, तुला कळलं असेल.

डॉक्टर म्हणाले, लवकर आलात. चार फेब्रुवारीला लातूरलाच ऑपरेशन करायचं ठरलं आहे. गालाचा आतला भाग काढतील. मी विचारलं, तोंड वाकडं होईल का? ते म्हणाले, थोडं ओढल्यासारखं दिसेल, जेवता येईल, बोलताही येईल. माझ्या शेजारी एक बाई बसली होती, निलंग्याकडची. तिचं अर्धं तोंड पदरात होतं. ती दोन वर्षं उशिरा आली, असं तिच्या सुनेनं सांगितलं. त्या बाईनं एकदा पदर बाजूला केला आणि पाणी प्यायली. निम्मं पाणी हनुवटीवरून ओघळलं. मी बघितलं.

काल घरी येऊन यांना सांगितलं. तूर काढायला माणसं आली होती. यांनी माणसांना परत पाठवलं आणि हे ओसरीवर येऊन बसले. तिथूनच म्हणाले, "सुभद्रा, मी बी हाय संगं." एवढंच. मग मी रडले.

आता जे लिहायचं होतं आणि दोन पत्रांत लिहिलं नाही, ते लिहिते.

येळवसला मी तुझ्या पत्रावळीकडे बघत होते. तुझ्यासारखी शेंगा-भाज्यांची तिखट भज्जी ओरपणारी बाई आपल्या माहेरात दुसरी नव्हती. भज्जीला बोट लावलंस आणि बाजूला सारलीस. बाजरीचे उंडे तसेच ठेवलेस. नुसती खीर खाल्लीस, तीही उजव्या बाजूनं. घास लहान लहान करत होतीस आणि मधेच पदर तोंडावर दाबत होतीस. मी विचारलं तर म्हणालीस, "दात हलून राहिला." माझ्या चट्ट्याला तेव्हा दोन महिने झाले होते. मला कळायला हवं होतं, आणि कळलंही. पण पांडवांपुढं बसून तसं काही बोलायचं धाडस झालं नाही. मुक्कामाला होतीस तेव्हाही तुझ्या शेजारी पडून मी गप्प राहिले. मग पत्रात नव्या वर्षाचं निमित्त काढलं. तू एक वेळ सोडशील, मग दुसरी, मग आपोआप दवाखान्यात जाशील, असा माझा हिशोब होता. भित्र्या माणसाचा हिशोब.

आणखी एक आहे. ते सगळ्यात अवघड.

तू जिथं तिथं सांगतेस, मला आईनं मिश्री लावली. आईच्या दहाव्यालाही बायकांत बसून तेच सांगितलंस. मी तिथंच होते, गप्प बसले. आईनं नाही लावली, तुळजा.

तू पाच वर्षांची होतीस आणि मी अकराची. आई खुरपायला गेली होती. तुझी दाढ किडली होती, दिवसभर किंचाळत होतीस. मी आईच्या डबीतली चोरून लावायची, मला वर्ष झालं होतं. तुला मांडीवर घेतलं, बोट भरून मिश्री घेतली आणि तुझ्या हिरडीवर चोळली. तू डोळे फिरवलेस, ओकलीस, मग निपचित झोपलीस. मला वाटलं मेलीस. तुझ्या नाकापुढं हात धरून मी आई येईपर्यंत बसले होते. आई आली तर तू उठून खेळत होतीस. दुसऱ्या दिवशी तूच माझ्यापुढं येऊन आ केलंस. मग रोज. आईला कळलं तेव्हा तुझी सवय झाली होती आणि मी तुलाच पुढं केलं, म्हणाले ही डबीतनं घेती. मार तू खाल्लास.

तुला मांडी आठवते, ती आईची वाटली असेल. माझी होती.

ही गोष्ट मी आईला सांगितली नाही, यांनाही नाही. आज सकाळी वर्षाराणीला सांगितली. वही पुढं करून म्हणाले, आता ह्या वर्षाचं एकच लिही, माझ्या बहिणीचं तोंड तपासून घ्यायचं. ती म्हणाली, "मावशी, दुसऱ्याच्या तोंडाचं कसं लिहायचं? ध्येय आपल्या हातातलं पायजे." मी म्हणाले, "माझ्या हातातलंच हाय, बाई. ह्याच हातानं लावलं व्हतं." मग तिनं लिहिलं.

येत्या शनिवारी, पंचवीस तारखेला, मी सकाळच्या नांदेड गाडीनं निघते. तिथून उमरीची गाडी धरेन, दुपारच्या आत तुझ्या दारात असेन. स्वयंपाक करत बसू नको. व्यंकटरावांना घरीच थांबव, मी त्यांच्याशीही बोलेन. अंगणात चांगल्या उन्हात बाज टाक. शिव्या द्यायच्या असतील तर आधी दे, सगळ्या दे, मी मान खाली घालून ऐकेन. तुझ्या नुसत्या दातालाच काही झालं असेल, तर तुझ्या पाचातली एक वेळ सोडायचा शब्द घेऊन मी संध्याकाळच्या गाडीनं परत जाईन. तसं नसेल तर तू माझ्याबरोबर लातूरला येशील. चारऐवजी सहा तारखेला कापा मला, म्हणेन मी त्यांना, पण आधी हिला बघा.

फार भीती वाटते, तुळजा. माझ्या गालाची वाटते तेवढीच तुझ्याही गालाची वाटते.

दार लावून घेऊ नको. आणि मी समोर बसले की काही विचारू नको, लहानपणी येऊन आ केलं होतंस तसं एकदाच माझ्यापुढं तोंड उघड.

तुला पहिली मिश्री लावणारी,
अक्का