मोरीच्या खिडकीतला डबा

प्रिय विहीणबाई,

पत्र माझं आहे म्हणून बाजूला ठेवू नका. शिकलेली पोर ट्रकवाल्याच्या घरात गेली म्हणून तुम्ही लग्नाला आला नाहीत, नंतर तिच्याशी बोललाही नाहीत. त्याबद्दल भांडायला मी बसलेले नाही. भांडायचंच असतं तर तेव्हाच भांडले असते, माझ्या तोंडाला काही कुलूप नाही. तुमच्या लेकीबद्दल जरा सांगायचं आहे, आणि कौतुक पोटात ठेवणं मला जमत नाही.

तिला घरबसल्या दुभाषीचं काम मिळालं, हे तुमच्या कानावर आलं असेल किंवा नसेल. लांबच्या हॉस्पिटलात डॉक्टर त्यांच्या भाषेत बोलतात, पेशंट आपल्या भाषेत, आणि मध्ये स्क्रीनवर ही. काम तिच्या हातचं, पण आमच्या घरचं इंटरनेट म्हणजे नुसता वैताग. मोबाइलच्या नेटवर्कवर चालणारा एक डबा आहे, राउटर म्हणतात त्याला. डॉक्टरांचं वाक्य इकडे उशिरा पोचायचं, ही बोलायला लागली की तिकडे त्यांचं पुढचं सुरू. दोघांचं बोलणं एकमेकांवर आदळायचं आणि पेशंट बिचारा गांगरून जायचा. शेवटी तिच्या कामावरच्या मॅडमनी बजावलं की महिनाअखेरीला एकदा स्वतः ऐकू, तेव्हाही असंच झालं तर दुसरी कुणी बघू.

माझ्या मुलाने महागातला प्लॅन घ्यायचं ठरवलं. इंटरनेट कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला की तुमच्या सिग्नलच्या काड्या पूर्ण दिसतात, तेव्हा तक्रारीला जागाच नाही. मीही म्हटलं, सोड गं नाद, मिळेल दुसरं काहीतरी. ती कुणाशी वाद घालत बसली नाही. तिने आधी घरातले सगळे फोन बंद केले, माझ्या मालिकेसकट. मग लॅपटॉप वायरने डब्याला जोडला आणि मोजत बसली. वेग भरपूर होता, पण इथून हाक मारली की तिकडून ओ यायला वेळ लागायचा. संध्याकाळी गल्लीतली माणसं कामावरून परतली की आणखी वेळ. तिने ताडलं की डबा ज्या टॉवरला धरून बसलाय, तिथेच गर्दी आहे. मग काय विचारता, डबा हातात घेऊन बाई घरभर. कपाटावर, जिन्यात, माझ्या शिवणयंत्राच्या टेबलावर. जागोजागी थांबायचं, मोजायचं, नकारार्थी मान हलवायची. शेवटी मोरीच्या खिडकीत काड्या निम्म्या झाल्या, आणि ओ मात्र झटकन यायला लागली. तिथून तो मागच्या, लांबच्या टॉवरला धरत होता. आम्ही सगळे आपले काड्या बघून खूश. मुलाने तिथे उंचावर फळी ठोकून दिली. आता मी आंघोळ अगदी जपून करते, वर पाणी उडायला नको.

एवढ्याने भागलं नाही. कुणाच्या फोनमधले फोटो वर चढायला लागले की पुन्हा बोलणं अडायचं. तेव्हा तिने डब्याच्या सेटिंगमध्ये जाऊन वेग मुद्दाम थोडा कमी करून ठेवला. मला वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. तर तिने मला माझ्याच धंद्यातलं समजावलं. मी झेपेल त्याहून जास्त कपडे शिवायला घ्यायची, तेव्हा नुसतं हुक लावून घ्यायला आलेली बाईसुद्धा त्या ढिगामागे ताटकळायची. बेतानं घेतलं की ढीग साचतच नाही. उभा जन्म मशीनवर गेला माझा, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं. खरं सांगते, मला तिचा फार अभिमान वाटला.

मॅडम ऐकणार होत्या त्या दिवशी कुणी बेल वाजवू नये म्हणून मी दाराबाहेरच खुर्ची टाकून बसले. आतून सगळं ऐकू येत होतं. पेशंट एक आजीबाई होत्या, ऑपरेशन ठरत होतं. डॉक्टरांचं संपलं की हिचं, हिचं संपलं की आजीबाईंचं, कुठे म्हणून अडखळ नाही. घाबरलेल्या म्हातारीला तिने एकही शब्द न गाळता, इतकं सांभाळून सांगितलं. मग आजीबाई म्हणाल्या की मुलगी माझ्याशी बोलत नाही, पण ऑपरेशनचं तिला कळवाल का, असं डॉक्टरांना विचार. हिने ते जसंच्या तसं विचारलं. डॉक्टर हो म्हणाले, तेही सांगितलं.

नोकरी पक्की झाली. मी अभिनंदन करायला आत गेले, तर ती भिंतीकडे तोंड करून रडत होती. मी तुम्हाला लिहितेय हे तिला ठाऊक नाही. पण विहीणबाई, रोज परक्या आयांच्या मनातलं ती कुठल्या कुठे पोचवते आणि तिची स्वतःची आई गप्प, हे मला बघवत नाही. रविवारी तिला सुट्टी असते. तुम्ही फोन करा. काय बोलावं ते सुचलं नाही, तर नुसतं तिचं नाव घ्या. पुढचं ती सांभाळून घेईल.

तुमचीच,
तुमच्या लेकीची सासू