लालाच्या शेतातली पांढरी माशी

स्टॅनफिल्ड, ॲरिझोना
१४ ऑगस्ट

लाडके लाला,

तुझ्या थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. फोनवर मी बोलायला लागले की तुझ्या चुलीवर नेमकं काहीतरी करपतं, म्हणून हे पत्र. सांगतेय मी, लिहितेय नात मारिसोल. ती हसतेय. हसू दे.

इकडे सगळं ठीक. गुडघा दुखतो, मिरच्या झकास आल्यात. कापसाचं तर विचारूच नकोस. हे बीटी बियाणं बोंडअळीला पुरून उरतं, म्हणून फवारणी नाही. फवारणी नाही म्हणून ठिपक्याठिपक्यांचे ढालकिडे सुखात, आणि पांढऱ्या माशीचा फडशा तेच पाडतात.

आणि तू? पानावर किडे दिसले की तुझा जीव वरखाली. आपलं कोण, परकं कोण, न बघता औषध मारलंस. राखणदार मेले, माशी माजली, तिच्या चिकट घाणीने कापूस चिकटला. वाईट वाटलं मला. (मारिसोल म्हणते, "आजी, खोटं लिहायला लावू नकोस.")

पीक तपासणारा सेवेरो आता रोज तुझ्याकडे असतो म्हणे. माझ्याकडे जूनमध्ये आला होता. कापडी जाळं झाडांवरून फिरवलं, आत डोकावला नि म्हणाला, "तोमासाबाई, तुमचे किडे माझ्यापेक्षा चोख काम करतात. मी कशाला येऊ?" टोपी घातली, गेला. त्याच्यासाठी केलेले मक्याचे टमाले वाफेवर तसेच.

तुझ्याकडे मात्र जेवून जातो. बिचारा विधुर! त्याच्या शर्टाचं बटण तू लावलंस, हेही कळलं. या वयात सुईत दोरा ओवता येतो गं तुला?

मंगळवारी मी मुलाला म्हटलं, "रामिरो, टाकी भर. आपणही फवारू."

"कशावर, आई? माशी कुठाय?"

"म्हणूनच तर."

"अगं, वर्षभराची भाकरी आहे ही आपली!"

तरी ट्रॅक्टर बांधापर्यंत आणवला मी. समोरच्या पानावर एक ढालकिडा इतका मन लावून जेवत होता, की कुणी पाहुणा माझ्या घरी तसा जेवला नसेल. म्हटलं, "फिरव मागे."

तर लाला, शाळेत तू गेलीस, वाचता तुला येतं. उद्या सेवेरो जेवायला बसला की हे त्याला मोठ्याने वाचून दाखव. गाळू नकोस: तोमासाच्या शेतात कीड नाही. औषधालासुद्धा नाही. तरी यावं.

तुझीच, आणि तो येईपर्यंत तुझ्यावर जळणारी,
तोमासा