काहीच नसलेली फ्लॉपी

मुरुम,
९ मे १९८९

प्रिय भीमादादास,
गौराचा सप्रेम नमस्कार. इकडे सर्व ठीक. टँकर आला की गल्लीत भांडणं, नाही आला तरी भांडणं. वहिनींना नमस्कार सांग.

तू पाठवलेल्या दोन्ही फ्लॉप्या मिळाल्या. "मुरुमात कसली एवढी घाई, की लिहायला छोटा आणि चपळ प्रोग्राम हवा?" असं लिहून हसून घेतलंस. हस. तुझ्या ऑफिसनं टाकून दिलेला कॉम्प्युटर तूच आमच्या गळ्यात मारलास. पहिली फ्लॉपी सुरू होईपर्यंत माझा चहा उकळून होतो. स्पेलिंग तपासते म्हणे! अप्पांनी अख्ख्या गावाला टायपिंग शिकवलं, त्यांच्या घरात स्पेलिंग तपासायला मशीन कशाला?

तर मशीनमध्ये आधीपासून होता तो प्रोग्राम फार हळू. अक्षर दाबलं की उमटायला वेळ. मला चाललं असतं.

इथपर्यंत लिहून दोनदा उठून आले. आता लिहूनच टाकते. अप्पांना चालत नव्हतं. होळीच्या आधी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. दवाखान्यात मी तुझं नाव काढलं, तर त्यांनी जोरजोरात मान हलवली. म्हणून कळवलं नाही. माझ्यावर चिडायचं तर चीड.

"तुमची टाइपरायटरं भंगारात जाणार, अप्पा," असं तू म्हणालास तेव्हापासून त्यांचा तुझ्याशी अबोला. तुझ्या कॉम्प्युटरवरही त्यांनी चादर टाकली होती. पण आता टाइपरायटरची बटणं त्यांच्या डाव्या बोटाला दबत नाहीत, याची दबतात. चादर मीच काढली.

त्यांनी एक अक्षर दाबलं. उमटलं नाही. उमटल्याशिवाय मास्तर पुढं कसे जाणार? पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. मग एकदम ओळभर तेच अक्षर. स्वतःच्या बोटाकडं बघून अप्पा रडले. सोसायटीचे वीरप्पाकाका शेजारी होते. "मास्तर, बोट चुकलं न्हाय, मशिनच झोपाळू हाय," म्हणाले. पण त्यानंतर अप्पांनी हात लावला नाही. ते पुन्हा कधीच काही सांगणार नाहीत, या भीतीनं मला घरात बसवेना. म्हणून तुझ्यामागं लकडा लावला.

आज दुसरी फ्लॉपी घातली. "हिच्यात काहीच नाही," असं तू लिहिलं होतंस. खरंच नाही. काळा पडदा आणि लुकलुकणारी रेघ. अप्पांनी बोट टेकवलं आणि अक्षर तिथल्या तिथं! इंग्रजी अक्षरांत, पण मराठीच: भीमाला कळवू नको.

मी हसले, दादा, आणि मग रडले.

मग त्यांनी खुणेनं विचारलं, खोडायचं कसं? आठवतं ना, क्लासात एक अक्षर खोडलेलं दिसलं तरी ते पान फाडायचे? मी बटण दाखवलं. एकेक अक्षर करत त्यांनी सगळी ओळ पुसली आणि नवीन लिहिली: भीमा, ये.

बंद केलं तर ओळ जाईल, म्हणून मशीन बंद करू देत नाहीत. इथं लाइट केव्हाही जाते. निघ.

तुझी,
गौरा